जपानच्या बायका आणि आईची टोपली

दोन हजार चौदा साली मला तलासरीच्या एका शाळेत नोकरी लागली आणि आमच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच समुद्राकडे पाठ करून कामाला जाऊ लागलं. वडील बोटीवर असायचे. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आई सुकी मासळी विकायची. मी सकाळी डहाणूहून बसने चारोटीला जायचे, तिथे हायवेवर उतरून तलासरीकडची जीप धरायचे आणि शाळेत पोचेपर्यंत साडीचा पार चोळामोळा झालेला असायचा. नोकरी कायमची आहे का, पगार किती, हे आईने आठवडाभराने विचारलं. पहिल्या दिवशी तिचा प्रश्न एकच होता, "म्हणजे बायच्या पाड्यावरून जाणार तू?"

बाय म्हणजे आईची मैत्रीण. तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत एका पाड्यावर तिचं घर आणि थोडी भातशेती. दोघी एकमेकींना बायच म्हणायच्या. नावं बहुधा माहीत असतील, पण ती वापरलेली मी कधी ऐकली नाहीत. मी तिला मावशी म्हणायचे.

यांची ओळख तलासरीच्या आठवडा बाजारात झाली. आई तेव्हा नवी नवरी होती. भर बाजारात तिची पाटी बुडातून फाटली आणि जवळा मातीत सांडला. शेजारी वाल विकत बसलेल्या एका बाईने स्वतःची टोपली रिकामी करून तिच्यापुढे सरकवली. पुढच्या आठवड्यात आईने ती टोपली सुकट भरून परत केली. त्यावर दिवाळीनंतर ती टोपली नव्या तांदळाने भरून आली. झालं, तेव्हापासून ती टोपली फिरतेच आहे. माघ-फाल्गुनात आमच्याकडून मासळी, दिवाळीला तिकडून तांदूळ. बूड दोनदा नवं विणलं, काठाला तांब्याची तार गुंडाळली, पण टोपली तीच. जिच्याकडे टोपली तिची पाळी, असा साधा हिशेब. "मी जिती आहे तोवर ही रिकामी जायची नाय," असं आई म्हणायची. बायकांच्या बोलण्यात असतं तसलं काहीतरी, म्हणून मी सोडून द्यायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. नववी-दहावीची पोरं गुलाबाची फुलं आणून गोंधळ घालतात, तेव्हा त्यांना काहीतरी ज्ञान द्या, असं त्यांचं म्हणणं. मी उत्साहाने भित्तिपत्रक करायचं ठरवलं. विषय : जगभरातले प्रेमाचे आणि मैत्रीचे दिवस. मुख्याध्यापकांनी कागदावर शीर्षक वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, मैत्री मोठं काढा. प्रेम जरा बारीक. पालक येतात."

संध्याकाळी घरी आले की आई अंगणात बसून जवळा निवडत असायची. मागे बांबूच्या मांडवावर बोंबील टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. मी मोबाइलवर जमवलेली माहिती तिला वाचून दाखवायचे. मुलांना समजेल की नाही याची चाचणी आईवर, असा माझा आव होता. खरं तर कुणाला तरी सांगायचा मोह व्हायचा.

वेल्स नावाच्या देशात प्रियकर लाकडाचा चमचा कोरून मुलीला द्यायचा, हे ऐकून आई खूश झाली. "शहाणी माणसं. गुलाबाने काय कालवण ढवळणार?" कोरियात ज्यांना कुणी जोडीदार नसतो ती माणसं एप्रिलमध्ये ठरल्या दिवशी जमून काळ्या रश्श्यातल्या शेवया खातात, म्हटल्यावर तिने मान हलवली. "बिचारी. पण जमून जेवतात ना? मग एकटी कुठे राहिली?" ब्राझीलमधल्या मुली नवरा मिळेपर्यंत एका संताची मूर्ती उलटी टांगून ठेवतात, हे तिने मला दोनदा सांगायला लावलं. देव त्यांचं ऐकतो का, असंही विचारलं. पण तिला सगळ्यांत पटला तो जपान. तिथे चौदा फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि बरोबर महिन्याने पुरुषांनी उलट भेट द्यायची.

"म्हणजे भांडं भरून परत पाठवायचं," आई म्हणाली. "हे आपलंच की गं. एवढं शिकून हे शिकवतेस?"

त्याच आठवड्यात मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. आईचे गुडघे त्या हिवाळ्यात असे धरले होते की उंबरा ओलांडताना ती दाराची चौकट पकडायची. बाजारात बसणं बंदच झालं होतं, तिची जागा आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या बाईने घेतली होती. लग्नाला जाणं शक्य नव्हतं. टोपली मात्र जायलाच हवी होती, हळदीच्या दिवशीच. आईने त्यात निवडक बोंबील लावले, मधे जवळा, वर केळीचं पान आणि धुतलेलं फडकं बांधलं. "शाळेत जाता जाता देऊन जा. तिच्या हातात दे," एवढंच म्हणाली.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. बसमध्ये मांडीवर टोपली घेऊन बसले आणि मसोली गाव मागे पडेपर्यंत पुढच्या सीटवरच्या बाईने पदर नाकाला लावला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "मासळीबाजार निघाला वाटतं शाळेत." मी जन्मभर त्या वासात वाढले, माझ्या वह्यांनासुद्धा तो वास होता, पण शिक्षिका होऊन आठ महिने झाले होते आणि मला लाज वाटली. हे लिहिताना आजही कान गरम होतात. चारोटीला उतरले आणि एका दुकानातून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. सगळी मासळी त्यात भरली. टोपलीला वास राहिला होता, म्हणून हॉटेलच्या नळावर ती लिंबाच्या साबणाने घासून धुतली. वर स्वतःचं कौतुकही वाटलं, की लग्नघरी वस्तू कशी स्वच्छ जायला हवी.

पाड्याकडे जाणारा जीपवाला ओळखीचा होता. त्याला म्हटलं, हे दोन्ही मावशीकडे पोचव. त्याने डब्याचं झाकण उघडून हुंगलं आणि परत दिलं. "मासली नको ताई, पॅसेंजर बोंबलतात. टोपली द्या, टाकतो टपावर." मला शाळेला उशीर होत होता. मी टोपली दिली आणि ठरवलं, डबा संध्याकाळी स्वतः नेऊन देऊ.

संध्याकाळी काय झालं, तर मुख्याध्यापकांनी शीर्षकातलं प्रेम आणखी बारीक करायला लावलं. पूर्ण तक्ता पुन्हा चिकटवावा लागला. कोरियावर डिंक सांडला. मी बाहेर आले तेव्हा पाड्याकडची शेवटची जीप निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी लग्न लागून गेलं, वऱ्हाडही गेलं. आता कोणत्या तोंडाने मासळी न्यायची, म्हणून मी तो डबा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायकांना देऊन टाकला. घरी आल्यावर आईने विचारलं, "पोचली?" मी म्हटलं, "पोचली." ते खोटंही नव्हतं, आणि त्या बेमालूम उत्तराचा मला नंतर फार राग आला.

भित्तिपत्रकाचं कौतुक झालं, हे सांगायला हवं. मैत्री लाल अक्षरांत होती.

दिवाळी आली. तांदूळ आला नाही.

दरवर्षी भाऊबीज उलटली की आठवड्याच्या आत कुणी ना कुणी ती टोपली घेऊन यायचं. मावशीचा मुलगा, नाहीतर कुणी येणारं-जाणारं, एकदोनदा मावशी स्वतः. आईने तांदळाचा डबा धुऊन उन्हात वाळवून ठेवला होता. मी बाजारातून तांदूळ आणते म्हटलं तर अंगावर आली, "कशाला? तिचा येईल." रेशनच्या तांदळाचा जाड भात खात आम्ही मार्गशीर्ष काढला. दारात कुणाची चाहूल लागली की आई मांडीवरचं काम बाजूला ठेवायची. मग पुन्हा हातात घ्यायची.

पौषात तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझं काय चुकलं असेल गं?"

मी म्हटलं, पाऊस कमी झाला, पीक आलं नसेल.

"पीक नाय आलं तर पेंढा पाठवेल. मूठभर कोंडा पाठवेल. ती तशी नाय." मग थोड्या वेळाने, "लग्नाला नाय गेले म्हणून असेल. पण मासली पाठवली होती ना मी? चांगली निवडून पाठवली होती."

मी तिथून उठले. तिच्या समोर बसवेना. एवढ्या वर्षांची सोबत, नवरा गेल्यावर तेरा दिवस घरी येऊन राहिलेली बाई, आणि ती मी एका साबणाच्या वडीने धुऊन टाकली होती. आई स्वतः जायला तयार नव्हती. गुडघे होतेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे टोपली तिकडे होती. पाळी तिची. मधेच जाऊन उभं राहणं म्हणजे मागायला जाणं.

पुढच्या फेब्रुवारीत मुख्याध्यापक म्हणाले, गेल्या वर्षीचंच भित्तिपत्रक पुन्हा करा, छान होतं. मी जपानचा मजकूर लिहायला घेतला. उलट भेट ठरल्या दिवशी दिली नाही तर समोरच्याला वाईट वाटतं, असं वाक्य होतं. ते अर्धं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. शनिवार होता, शाळा सकाळची. मी पेन टोपण न लावताच पर्समध्ये टाकलं आणि पाड्याकडची जीप धरली. आईला काही सांगितलं नव्हतं. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते. मावशी शिव्या देईल, देऊ दे. दारातून परत पाठवेल, पाठवू दे. पण आईचा यात दोष नाही, एवढं ऐकून घे, असं तिला म्हणायचं होतं.

मावशी अंगणात वाल पाखडत होती. मला बघितल्यावर तिच्या हातातलं सूप खाली गेलं. ती उठली, माझ्याकडे आली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. हाताला वालाची धूळ होती. डोळे भरले होते.

"पोरी," ती म्हणाली, "आय गेली तवा जेवलेली होती का गं?"

मला काही कळेना.

"लगीनघर होतं," ती बोलतच होती. "टोपली आली तवा हलद चालू होती. रिकामी. वर धुतलेली. मी कोनाला सांगू? हलदीच्या अंगानं रडायचं कसं? पोरीचं लगीन नासवू? तशीच नाचले मी. मग बाजारात गेले, तर तिच्या जागेवर दुसरीच बसलेली. म्हटलं, खरंच गेली माझी बाय. तिच्याबिगर त्या दारात यायला पाय उचलेना."

आणि मग तिने सांगितलं. दोघींचं तरुणपणी ठरलं होतं. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, एकमेकींच्या घरचा रस्ता लांब, निरोप कोण देणार? तेव्हा जिच्याकडून टोपली रिकामी येईल ती गेली, असं समजायचं. एरवी काही झालं तरी ती भरूनच जाईल. कधी नाही काही तर मीठ घालू, पाला घालू. आईचं ते बोलणं म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं. तो करार होता, आणि मी तो लिंबाच्या साबणाने पुरा केला होता.

भिंतीवर खुंटीला टोपली होती. दिवाळीचा नवा तांदूळ निघाला तेव्हा मावशीने त्यातला पहिला भात शिजवून आईच्या नावाने पानावर काढून ठेवला होता, कावळ्यांना.

"मावशी," मी म्हटलं, "आई घरी आहे. गुडघ्यांना शिव्या देत बसलीय. तुमच्या तांदळाची वाट बघतेय."

ती खाली बसली. मी सगळं सांगितलं, बसमधली बाई, डबा, साबण, कोरियावरचा डिंक, काही सोडलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली आणि माझ्या पाठीत दोन रट्टे घातले. चांगले सणसणीत. शिक्षिका होऊन दोन वर्षं होत आली होती मला. मग ती हसायला लागली, मग रडली, मग काय झालं म्हणून सून घरातून बाहेर आली तर तिलाही सांगत बसली. शेवटी टोपली खाली काढली, कणगीतून तांदूळ भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "चल."

आई अंगणात होती. जीप, बस, मग बसथांब्यापासून चालत, असे आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. आईने आधी टोपली बघितली, मग तिच्या खालचं माणूस.

"मेली होतीस का गं एवढे दिवस?" आई म्हणाली.

"मी नाय," मावशी टोपली उतरवत म्हणाली. "तू मेलेलीस."

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मावशीशी मात्र ती दोन दिवस अखंड बोलत होती, तेवढे दिवस मावशी आमच्याकडेच राहिली.

त्यानंतरची तीन वर्षं मला फार आठवतात. मावशी दर फेब्रुवारीत स्वतः येऊन मासळी घेऊन जायची, आता टोपलीच्या बाबतीत माझ्यावर दोघींचा काडीचा विश्वास उरला नव्हता. त्या बोंबलाच्या मांडवाच्या सावलीत बसायच्या आणि मला विचारायच्या, "यंदा कुठला देश?" मी शाळेतून घरी येताना नवीन काहीतरी शोधून आणायचे. फिनलंडमध्ये चौदा फेब्रुवारी हा मित्रांचा दिवस असतो, सांगितलं तर मावशी म्हणाली, "एकच दिवस? बाकीचे दिवस भांडतात?" अर्जेंटिनात जुलैमध्ये मित्र जमून जेवायला जातात, त्यावर दोघींचं एकमत झालं, की जेवण हवंच. स्पेनच्या एका भागात पुस्तक आणि गुलाब देतात, यावर आईने माझ्याकडे बघून म्हटलं, "पुस्तकाने माणूस शहाणं होतं असं नाय." एका ऑगस्टमध्ये मी दोघींसाठी मैत्रीचे रबरी पट्टे आणले, पोरं मनगटाला बांधतात तसले. मावशीने तिचा ताणून बघितला, मजबूत आहे म्हणाली आणि वालाच्या पिशवीचं तोंड त्याने बांधून टाकलं. आईने तिचा औषधांच्या पुडीला लावला. ती पुडी माझ्याकडे आहे.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत आई गेली. चार दिवसांचा ताप, फार काही नाही. मांडवावर बोंबील अर्धे सुकले होते. दिवाळीचा तांदूळ येऊन गेला होता, म्हणजे टोपली आमच्या घरी होती. पाळी आईची.

मावशीच्या मुलाचा मोबाइल नंबर आता माझ्याकडे होता. फोन करता आला असता. शेजारणी म्हणाल्या, निदान एक नारळ तरी घाल, रिकामी नेऊ नये. मी टोपली खाली काढली, आतून फडक्याने पुसली आणि तशीच घेऊन निघाले. साबण लावला नाही. बसमध्ये ती मांडीवर घेतली, चारोटीच्या जीपमध्येही. वास होताच तिला, पण त्या दिवशी कुणी काही बोललं असेल तर मी ऐकलं नाही.

मावशी ओटीवर बसली होती. मी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली. तिने ती उचलली नाही. नुसती आत बघत राहिली, बराच वेळ, जणू तळाशी काहीतरी राहिलं असेल.

"मी रडायची नाय," ती म्हणाली. "तिच्यासाठी मागंच रडून झालंय माझं."

आणि मग पदर तोंडात घालून ती रडली. मी तिच्या शेजारी बसले. काही वेळाने तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, तसाच, आणि तोच प्रश्न विचारला.

"जेवलेली होती का गं?"

"जेवली होती," मी म्हटलं. "तुमच्या तांदळाची पेज. वाटीभर सगळी संपवली तिने."